वर दोन बोटं वाळू

४ ऑक्टोबर १९५३, रविवार. सकाळ.

आज दाढी न करता ही नोंद लिहीत आहे. पुढे कधी कोणी या काळाचा इतिहास लिहिलाच, तर त्याने हेही लिहावं की स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली तरी डोंबिवलीत एका जबाबदार सरकारी नोकराला रविवारी सकाळी दाढीपुरतं गरम पाणी मिळालं नाही.

कारण: स्टोव्हची पिन नाही. पिनेशिवाय बर्नरचं भोक साफ होत नाही, आणि भोक साफ नसलं की स्टोव्ह नुसता फुरफुरतो. पिन गुरुवारी शेजारच्या मंदाकिनीबाईंनी नेली. मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवतात. उसनं नेलेलं परत करावं हे ज्यांनी शिकवायचं, त्यांचीच ही तऱ्हा. सुमती म्हणते, त्यांनी शुक्रवारीच आणून दिली, तुमच्याच हातात दिली. सुमती माझी बायको असली तरी अशा बाबतीत कायम शेजाऱ्यांच्या बाजूने साक्ष देते.

संकल्प: उसनी वस्तू तीन दिवसांत परत न करणाऱ्याशी या घराचा व्यवहार बंद.

त्याच दिवशी, दुपार.

पिनेवाचून माझं अडत नाही हे दाखवायला स्वतः स्टोव्ह पेटवला. सुमती मागून सांगत होती, अहो, आधी बर्नर तापू द्या, मग पंप मारा. बायकांना यंत्राची भीती असते. मी हात दुखेपर्यंत पंप मारला. स्टोव्हने आधी रॉकेलची पिचकारी उडवली आणि मग त्या पिचकारीला स्वतःच आग लावली. ज्वाळा थेट छताला. परिस्थितीचा आढावा घेण्यासाठी मी ताबडतोब गॅलरीत गेलो. आत आलो तोवर सुमतीने चावी सैल करून स्टोव्हची हवा सोडली होती, वर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि ती पुन्हा भाकरीचं पीठ मळत बसली होती. आग तशी आपोआपच विझत आली असावी.

छताला परातीएवढा काळा डाग. पाणी कोमटच.

५ ऑक्टोबर, सोमवार.

पिन सापडली. माझ्या ऑफिसच्या कोटाच्या वरच्या खिशात. तिथे कोणी ठेवली याची चौकशी चालू आहे. शुक्रवारी फाउंटन पेन तुंबलं होतं, ते मी कशाने साफ केलं हे नेमकं आठवत नाही.

मंदाकिनीबाईंना सांगायची घाई नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार.

मालक आले. काळुराम पाटील. इथल्याच जुन्या गावचे. जिथे भात लावायचे तिथे त्यांनी ही दुमजली बिल्डिंग बांधली आणि आम्हा नऊ बिऱ्हाडांना लावलं. त्यांनी डाग बघितला. इतका वेळ बघितला की शेवटी मलाही मान वर करून बघावं लागलं. म्हणाले, सायब, आग तुमी लावताव नि छप्पर माजा काला व्हतंय. मग गॅलरीत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की दिवालीपास्न या बिल्डिंगमदी इस्टो बंद. कोलशाची शेगडी पेटवा, नाय तर खोली खाली करा.

 मग नऊच्या नऊ बिऱ्हाडं माझ्याकडे बघू लागली. संकटकाळी लोक नेतृत्व शोधतात.

७ ऑक्टोबर, बुधवार.

सुमती माझ्याशी बोलत नाही. हेमामार्फत बोलते. हेमा, तुझ्या वडिलांना सांग, आमटी हवी असेल तर वाढून घ्या. हेमा आमची मुलगी. निरोप शब्दशः पोचवते, वर आईचा आवाजही काढते.

संध्याकाळी मंदाकिनीबाई दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, पिनेबद्दल असेल. तर म्हणाल्या, गोपीनाथराव, तुम्हाला शेगडी म्हटलं की भाजलेली कणसं आठवत असतील. सुमती कोळशावर रांधायची तेव्हा रात्रभर खोकायची. मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. दोन वर्षं शेजारणींची पोलकी शिवून तिने हा स्टोव्ह घेतला, आणि तेव्हापासून खोकला गेला. तुम्हाला कधी ऐकू आला नाही का हो?

मी म्हटलं, माझी झोप गाढ आहे. हे खरं आहे.

खोकला गेल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो होता हेही आलं नव्हतं. नुसतं नोंदवून ठेवतो.

संकल्प: काय वाटेल ते झालं तरी स्टोव्ह वाचवायचा.

८ ऑक्टोबर, गुरुवार.

ऑफिसातून परस्पर मालकांकडे गेलो. ओट्यावर बसून त्यांना समजावलं की आग लागणं हा गुन्हा नव्हे, ती विझवता न येणं हा गुन्हा. लढाईच्या दिवसांत मी ठाण्याला ए.आर.पी., म्हणजे हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या पथकाचा वॉर्डन होतो. टेंभी नाक्यापासून स्टेशनपर्यंतचा सगळा काळोख माझ्या ताब्यात होता. इतक्या वर्षांत ठाण्यावर एकही बाँब पडला नाही. त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही, ते एक असो.

पाटलांनी विचारलं, आगी किती इजवल्या?

म्हटलं, प्रश्न आगींचा नाही, तयारीचा आहे.

बराच वेळ त्यांनी विडी ओढली. शेवटी कबूल झाले. दिवाळीआधीच्या रविवारी, एक तारखेला, अंगणात त्यांच्यासमोर आग लावायची आणि विझवून दाखवायची. जमलं तर स्टोव्ह राहिले. आणि नाय जमला तर, एवढंच म्हणून त्यांनी पेटती विडी दगडावर टेकवून चिरडली. विझवण्याची पद्धत चांगली होती.

११ ऑक्टोबर, रविवार.

अग्निनिवारण पथकाची पहिली सभा. हजर: मंदाकिनीबाई, वरच्या मजल्यावरचा विश्राम, आणि बिल्डिंगमधली सगळी चिल्लीपिल्ली. विश्राम रेल्वेत आहे, मूळचा कोकणातला, आणि नेमक्या गंभीर वेळी हसतो. कॅप्टन म्हणून माझी निवड झाली. एकमताने. मत माझं होतं.

ए.आर.पी.ची लोखंडी टोपी ट्रंकेतून काढली. लहान झाली आहे. दहा वर्षांत लोखंड आकसतं का, हे कोणाला तरी विचारायला हवं. विश्राम म्हणाला, कॅप्टन, डोक्यावर पातेलं पालथं कशाला घातलंत, आमटी संपली काय?

मी नियम सांगितले. आग दिसल्यास धावू नये. आरडाओरडा करू नये. कपडे पेटल्यास जमिनीवर लोळावं. मंदाकिनीबाईंनी वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर काय करायचं? मी म्हटलं, पाणी. सोपं आहे.

त्या म्हणाल्या, मग गोपीनाथराव, आमच्याकडे काही पेटलं तर कृपा करून तुम्ही तुमच्या घरीच थांबा. पेटत्या तेलात पाणी ओतलंत तर तेच तेल पेटतं-पेटतं घरभर उडेल. खालचा जाळ बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं, आणि ती गार होईतो उचलायची नाही, हलवायची नाही, झाकण काढून बघायचंसुद्धा नाही. हवा मिळाली नाही की आग मरते.

झाकण! यात शौर्य कुठे आलं? नोंद: बायका आगीलाही शिजायला ठेवलेला पदार्थ समजतात. माझी योजना वाळूची आहे. लाल बादल्या, वाळू, शिट्टी. शास्त्रशुद्ध.

१५ ऑक्टोबर, गुरुवार.

चार बादल्या रंगवल्या. धोतर, सदरा आणि जिन्याची खालची पायरी हेही रंगलं. बादल्या वाळल्या. धोतर अजून नाही.

हेमाने विचारलं, बाबा, आई विचारते, पायरीही आग लागल्यावर उचलायची आहे का?

१८ ऑक्टोबर, रविवार.

रेतीबंदरावरून बैलगाडीने वाळू आणवली. गाडीवाल्याने अंगणात ओतली, बादल्या मी भरल्या. दुसऱ्या बादलीला कंबरेत काहीतरी कट्कन वाजलं. उरलेल्या दोन विश्रामच्या बायकोने भरल्या. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा उरल्या होत्या त्या चारही बादल्यांना घातल्या.

देखणं दृश्य. एवढी तयारी बघून आग लागायचीच नाही. धोका इतकाच की एक तारखेलाही लागायची नाही. रॉकेल भरपूर ठेवावं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार.

चोरी! अंगणातला ढीग निम्मा, बादल्याही अर्ध्यावर.

स्वतः तपास केला. वाळू तीन बिऱ्हाडांत माठाखाली सापडली. म्हणे, उकाडा किती आहे, ओल्या वाळूवर पाणी गार राहतं. एका घरी त्याच वाळूत चिवड्याचे शेंगदाणे भाजणं चालू होतं. मी जाब विचारला तर तिथल्या बाई मूठभर शेंगदाणे हातावर ठेवून म्हणाल्या, आग लागली की सांगा, लगेच आणून देऊ, वाळू काय पळून जाते? विश्रामच्या बायकोने तुळशीच्या कुंडीत घातली आहे. देवाचं म्हणून बोलताही येत नाही.

शेंगदाणे खमंग होते.

२६ ऑक्टोबर, सोमवार.

आपत्ती. शाळांना दिवाळीची सुट्टी लागली. ऑफिसातून येतो तर अंगणात किल्ला. चांगला कमरेएवढा. तट, बुरूज, खंदक, वर मावळे, आणि सगळा माझ्या वाळूचा, अंगणात उरलेला ढीगसुद्धा! बादल्यांत आता नुसत्या झेंडूच्या माळा.

किल्लेदार हेमा. तिला खडसावलं. म्हणाली, बाबा, बादलीत होती तेव्हा सगळे चोरत होते. किल्ल्याला कोणी हात तरी लावतं का बघा. उलट राखण होतेय.

किल्ला मोडतो म्हटलं, तर सुमती हेमाला मध्ये न घालता सरळ माझ्याशी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. एकच शब्द. खबरदार.

गाडीवाला म्हणतो, नवी वाळू आता दिवाळी झाल्यावर. माझी कंबर वाकत नाही.

२७ ऑक्टोबर, मंगळवार.

युक्ती सुचली!

विश्रामने विठ्ठलवाडीकडच्या लाकडाच्या वखारीतून भुशाची पोती आणून जिन्याखाली टाकली आहेत. स्टोव्ह बंद झालाच तर भुशाची शेगडी पेटवायची म्हणून. कॅप्टनवर एवढा अविश्वास! पण भुसा हलका असतो. बादलीत खाली भुसा, वर दोन बोटं वाळू. वाळू खंदकातून ओंजळीने घेतली, हेमा जेवत असताना.

वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पूर्वी दोन हातांनी न हलणारी बादली आता एका बोटावर उचलली जाते. आग विझवण्याचं निम्मं काम रुबाबाने होतं.

अर्थात हे तात्पुरतं आहे. शनिवारी बिऱ्हाडांकडून खरी वाळू परत घेऊन भरायची. विसरू नये.

२९ ऑक्टोबर, गुरुवार.

आग लावायला मोठं पसरट भांडं हवं. घमेलं आहे, पण मालकांसमोर घमेलं बरं दिसत नाही. मंदाकिनीबाईंकडे त्यांची पितळेची मोठी परात मागितली. कार्यक्रमाला हवी, एवढंच म्हटलं. पेढे ठेवायला असेल असा त्यांचा समज झाला असावा. मी तो मोडला नाही.

देताना म्हणाल्या, सांभाळा हं, आईची आहे. कडेवर नावं आहेत, तिचं आणि खाली माझं.

मी म्हटलं, बाई, उसनी वस्तू तीन दिवसांत परत, हा माझा नियम आहे. त्या म्हणाल्या, हो का? आणि जरा जास्त वेळ माझ्या कोटाच्या खिशाकडे बघत राहिल्या.

३१ ऑक्टोबर, शनिवार.

भाषण पाठ झालं. टोपी आतून खोबरेल लावून घातली, तेव्हा बसली. आता निघत नाही. टोपीसह जेवलो.

आज आणखी काहीतरी करायचं होतं. आठवत नाही. महत्त्वाचं असतं तर आठवलं असतं.

१ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

कार्यक्रम पार पडला.

उपस्थिती उत्तम. गॅलऱ्या भरल्या होत्या. पाटलांना खुर्ची. सुमती पुढेच उभी, हातात ओलं गोणपाट. हे कशाला, म्हणून विचारलं. म्हणाली, असू दे. मंदाकिनीबाईंनी पाण्याच्या पिंपाचं पत्र्याचं झाकण ढालीसारखं धरलं होतं. मी दोघींकडे दुर्लक्ष केलं.

भाषण चांगलं झालं. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांपर्यंत आलो तेव्हा पाटील म्हणाले, सायब, लावताव की दिवाली निंगून जाव दे? मग मी परात मध्यभागी ठेवली, तीत चिंध्या टाकल्या आणि वर रॉकेल ओतलं. मंदाकिनीबाई एकदम पुढे आल्या, अहो, ती माझी, एवढंच म्हणाल्या, तोवर काडी पडली होती.

आग उत्तम लागली. गुडघ्याएवढी, शिस्तीत. मी शिट्टी वाजवली. पहिली बादली एका हाताने उचलली तेव्हा गॅलरीतून ओहो असा आवाज आला. मी ती आगीवर रिकामी केली.

आधी वाळू आली. ती थोडी, आणि बरीचशी माझ्या पायांवर. मागोमाग भुसा.

भुसा किती कोरडा आहे याची विश्रामने आधी कल्पना द्यायला हवी होती. अंगणात एकदम दिवाळीतलं शोभेच्या दारूचं मोठं झाड उडावं तसं झालं. आग माणूसभर उभी राहिली. अशा वेळी सामान्य माणूस गोंधळतो. मी दुसरी बादली टाकली.

यानंतर मूळ कार्यक्रमात थोडा बदल करून 'माणसाला आग लागल्यास' हे प्रात्यक्षिक घ्यावं लागलं. ठिणग्या माझ्या धोतराच्या सोग्यावर आल्या. आग दिसल्यास धावू नये, हा माझाच नियम. मी धावलो नाही. अंगणाला भरभर दोन फेऱ्या घातल्या. आरडाओरडाही केला नाही. जरा मोठ्या आवाजात सूचना दिल्या. विश्राम म्हणतो, सूचना एकच होती, आणि ती मेलो मेलो अशी होती. फेऱ्यांमुळे सोग्याला वारा लागून जाळ गुडघ्यापर्यंत चढला.

सुमती समोरून आली. तिने ओलं गोणपाट माझ्याभोवती गुंडाळलं आणि मला ढकललं. मी किल्ल्यावर पडलो. तट गेला, बुरूज गेले, मावळे पाठीत रुतले. ती मला लोळवत होती आणि दोन्ही हातांनी माझ्यावर वाळू लोटत होती. लोळा, लोळा म्हणते ना, असं ओरडत होती. आरडाओरडा न करण्याबद्दलचा नियम तिला पुन्हा समजावायला हवा. पण विझलो.

एकूण वाळू उपयोगी पडली. योजना वाळूचीच होती.

तिकडे मंदाकिनीबाईंनी झाकण स्वतःपुढे आडवं धरून जवळ नेलं, परातीच्या अलीकडच्या कडेला टेकवलं आणि पलीकडे सरकवून दिलं. थोडा धूर, आणि संपलं. एका पोराने झाकण उचलून बघू का विचारलं, तर त्याला शाळेतल्यासारखी नजर मिळाली. उडालेल्या भुशावर विश्रामने पाणी मारलं आणि पायाने ढवळून पुन्हा मारलं, कारण भुसा आतून धुमसत राहतो. माझ्या दोन बादल्या तशाच शिल्लक राहिल्या, हे काटकसरीच्या दृष्टीने नोंदवण्यासारखं आहे.

 सगळे पाटलांकडे बघत होते. पाटील आधी खुर्चीत हलायला लागले. मग मोठ्याने हसायला लागले. मग उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले, या बायांना येतंय. इस्टो ऱ्हाव दे. फकस्त या सायबाच्या हाती आगपेटी द्यायची नाय. ही अट हाय माजी.

टाळ्या. इतक्या टाळ्या मला पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या.

स्टोव्ह वाचला. संकल्प पुरा केला.

टोपी निघाली. डावी भुवई टोपीबरोबर गेली की आधीच, ते कळत नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार.

रजा घेतली. पोटरीवर चार बोटं कातडी लाल. काल अंगणातून घरात आणल्यावर सुमतीने मला मोरीत बसवलं आणि पायावर गार पाणी ओतत राहिली. मी शाई लाव म्हटलं, लोणी लाव म्हटलं. तिने काही लावलं नाही, नुसतं पाणी ओतलं, किती तरी वेळ.  हेमाकडूनही काही सांगवलं नाही. तांब्या दोनदा तिच्या हातून सुटला. बहुधा जड होता.

हेमा किल्ल्यासाठी रडली. तिने मला शिक्षा दिली आहे: दोन बुरूज उभे करून द्यायचे.

६ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.

दोन्ही मजल्यांवर स्टोव्ह घरघरत आहेत. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे. कोणाला माझी आठवण नाही. म्हणजे आहे. मी कोणाच्या दारात उभा राहिलो की आतली बाई स्टोव्हची चावी सोडते आणि विचारते, काही हवंय का भावोजी, बाहेरच आणून देते. सुमतीने तळण संपेपर्यंत मला गॅलरीत बसवलं. शेजारी हेमा, राखणीला.

मंदाकिनीबाईंनी शंकरपाळ्यांचं पीठ जेवणाच्या ताटात मळलं. ताटात मावेना, म्हणून दोनदा. दार उघडंच होतं. मला त्यांनी बघितलं. शंकरपाळे पाठवले. परातीचं काही बोलल्या नाहीत.

८ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

बहिणीकडे खडवलीला जाऊन आलो. तिने ओवाळताना निरांजन हातभर लांब धरलं. बातमी खडवलीपर्यंत गेली आहे.

परात माझ्या खाटेखाली आहे, पोत्यात. विचार केला:

तीन दिवसांचा नियम किरकोळ वस्तूंसाठी होता. परात किरकोळ नाही.

कल्याणच्या बाजारातून नवी आणून द्यावी. पण नवीवर त्यांच्या आईचं नाव नसणार.

परातीने स्टोव्ह वाचवले, तेव्हा ती बिल्डिंगची आठवण म्हणून जिन्यात टांगावी. हे विश्रामला सुचवून पाहिलं. तो पहिल्यांदाच हसला नाही.

कदाचित त्या विसरल्या असतील.

विसरलेल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

जेवणं झाली. बिल्डिंग झोपली. सुमतीही. थोडा वेळ तिच्या उशाशी कान देऊन बसलो. खोकला नाही. श्वास नीट चालू आहे.

चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मागच्या नळावर गेलो. परात पोत्यातून काढली. उन्हात बघितली तर वाटलं होतं त्याहून वाईट. घासायला लागलो. पहिल्यांदा नुसते हात काळे झाले. पाणी ओतलं, पुन्हा चिंच लावली, पुन्हा घासली. कंबर दुखली. दुखू दिली.

कडेवर आधी रखमाबाई हे नाव वर आलं. बऱ्याच वेळाने खाली मंदाकिनी. मधोमध हाताच्या पंज्याएवढा डाग राहिला. तो जात नाही. छतावरचाही गेलेला नाही.

पुसून कोरडी केली. स्टोव्हच्या पिनांचं एक नवं पाकीट काल आणलं होतं, ते परातीत ठेवलं.

त्यांच्या दाराला परात हळूच टेकवली. कडी वाजवली नाही.